रात्री सायकलीवरून पाहिलेलं महाड

(विहाराच्या वर्धापन दिनी झालेलं भाषण. बोललो तसंच, थोडं नीटनेटकं करून छापायला दिलं आहे.)



समितीने आम्हाला "तरुण पिढी आणि आपला इतिहास" या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय मोठा आणि आम्ही गिरणीतली माणसं. तीन पाळ्यांत आयुष्य गेलं. शाळा थोडी, बाकीचं शिक्षण वाचनालयात आणि मोर्चात झालं. तेव्हा मोठमोठ्या गोष्टी न करता आम्ही काही जणांनी मिळून जे केलं तेवढंच सांगतो. आम्ही रात्रीच्या वेळी सायकलवरून महाड शहर पाहिलं. तुम्ही म्हणाल, त्यात काय सांगायचं? महाडला तर आपण दर वर्षी जातो. बरोबर आहे. पण थोडं ऐकून घ्या.

सुरुवात झाली जपानपासून. आपल्या विहारात संध्याकाळच्या वंदनेनंतर पोरं ओट्यावर बसतात, हातात मोबाईल असतोच. एका पोराने आम्हाला क्योटो शहराचं चित्रण दाखवलं. कोणी तरी रात्री सायकलवरून त्या शहरात हिंडतोय. अरुंद गल्ल्या, लाकडी घरं, कागदी कंदील, कामो नदीच्या काठची वाट. क्योटो हे जुनं राजधानीचं शहर. इ.स. ७९४ मध्ये आखून वसवलं, रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ उभे-आडवे. जमीन बहुतेक सपाट, त्यामुळे तिकडे म्हातारी माणसंसुद्धा सायकल चालवतात. रात्री सायकलला दिवा नसला तर तो गुन्हा धरतात. तोजी नावाच्या बौद्ध मंदिराचा पाच मजली मनोरा आहे, सुमारे ५५ मीटर उंच. तो अंधारात दिसला तेव्हा सगळी पोरं गप्प झाली.

आम्हालाही ते आवडलं. मग आम्ही क्योटोबद्दल वाचायला घेतलं आणि एक गोष्ट अशी हाती लागली, की जी त्या चित्रणात कुठेच नव्हती. जपानातही एक समाज असा होता, की ज्याला कातडं कमावण्याची, मेलेली जनावरं ओढण्याची कामं वंशपरंपरेने करावी लागत. त्यांच्या वस्त्या वेगळ्या, त्यांना बुराकू म्हणतात. १८७१ साली तिथल्या सरकारने फर्मान काढून त्यांची हलकी नावं रद्द केली. कागदावरून नाव गेलं, माणसांच्या मनातून गेलं नाही. तेव्हा ३ मार्च १९२२ रोजी त्या लोकांनी स्वतःच एकत्र येऊन आपली संघटना काढली. कुठे? त्याच क्योटो शहरात, ओकाझाकी सभागृहात. संघटनेचं नाव सुइहेइशा. त्यातल्या सुइहेइ या शब्दात दोन अक्षरं आहेत. एकाचा अर्थ पाणी, दुसऱ्याचा अर्थ सपाट. म्हणजे पाण्यासारखी सगळीकडे एक पातळी असावी असं मागणाऱ्यांची संघटना! बंधूंनो, हे वाचलं तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे चवदार तळंच आलं. त्यांची सभा १९२२ ची, आपलं महाड १९२७ चं. मध्ये पाच वर्षं आणि एक अख्खा समुद्र.

आम्ही पोरांना म्हटलं, क्योटोला जायला पैसे नाहीत. पण ऐतिहासिक शहर रात्री सायकलने पाहायचं असेल तर आपल्या रायगड जिल्ह्यातच आहे की. कंदील नसतील, पण हा इतिहास आपला आहे.

आता, रात्रीच का? तीन कारणं होती. पहिलं कारण, आमच्यातले निम्मे कामावर जाणारे आणि पोरांचे क्लास, त्यामुळे दिवसा सगळे कधी जमतच नाहीत. दुसरं कारण, २० मार्चला आपण महाडला जातो तेव्हा लाखाची गर्दी असते. अभिवादन होतं, पुस्तकं घेऊन होतात, भाषणं ऐकून होतात, पण गाव दिसत नाही. पुढच्या माणसाची पाठ दिसते. आणि तिसरं कारण सर्वात महत्त्वाचं. महाडच्या लढ्यातली एक फार मोठी घटना रात्रीच घडली आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचं दहन झालं ते रात्री नऊ वाजता. आपण तो दिवस साजरा करतो दुपारच्या उन्हात, लाऊडस्पीकर लावून. ती वेळ कशी असेल, अंधारात ती आग कशी दिसली असेल, हे कळायचं तर रात्रीच उभं राहायला पाहिजे.

आणि सायकल का? तर मोटारीतून काच दिसते आणि पुढची मोटार दिसते. चालत जावं तर पोरं दमतात, सगळ्या जागा एका रात्रीत होत नाहीत. सायकल या दोन्हीच्या मधली. कुठेही थांबता येतं. पेट्रोल नको. आणि आवाज होत नाही, हे रात्री फार मोलाचं. झोपलेल्या घरात कोणी तरी सकाळच्या पाळीला जाणारा असतोच, हे आम्हा गिरणीवाल्यांना कोणी शिकवायला नको.

तयारी महिनाभर चालली. आधी तीन शनिवार आम्ही पेणमध्येच सराव केला. रात्री साडेनऊला विहारापासून निघायचं. गणपतीच्या कारखान्यांत पिवळे दिवे लावून कारागीर बसलेले असतात, त्यांच्या दारावरून पुढे भोगावतीच्या पुलापर्यंत जायचं. मग अंतोऱ्याच्या रस्त्याने मिठागरांच्या वाऱ्यात जाऊन यायचं. आपलंच गाव, पण पोरं म्हणायला लागली, हे आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. या सरावात कोणाची चेन पडते, कोणाचा ब्रेक लागत नाही, कोण पुढे पळतो, हे सगळं कळलं. पूर्वी सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा आणि रात्री बत्ती नसली तर पोलीस अडवायचा, त्यामुळे आमच्या पिढीला बत्तीची सवय आहे. पोरांना ती लावावी लागली. पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा, अंगावर चमकणाऱ्या पट्ट्या. ज्याच्याकडे नाही त्याला आम्ही वर्गणीतून घेऊन दिलं.

नियम असे ठरले. एकामागे एक चालायचं, दोघांनी शेजारी-शेजारी गप्पा मारत जायचं नाही. सर्वात पुढे एक मोठा माणूस, सर्वात मागे एक मोठा माणूस. वस्तीत घोषणा द्यायच्या नाहीत, गाणी लावायची नाहीत. हा शेवटचा नियम काही कार्यकर्त्यांना पटला नाही. ते म्हणाले, महाडला जाऊन जयभीमची घोषणा द्यायची नाही म्हणजे काय? आम्ही म्हटलं, २० मार्चला द्या, घसा बसेपर्यंत द्या. या वेळी फक्त पाहायचं आहे आणि ऐकायचं आहे.

पेणहून महाड शंभर किलोमीटरच्या आसपास. मुंबई-गोवा महामार्गावर रात्री एवढं अंतर पोरांना घेऊन सायकलने जाणं हा शहाणपणा नव्हे. म्हणून सायकली एका ओळखीच्या टेम्पोत घातल्या, वर ताडपत्री टाकली, आणि डिसेंबरच्या एका शनिवारी दुपारी निघालो. वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव. लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ रस्त्यावरून दिसतं, ते पोरांना दाखवलं. आणि दासगावला सायकली उतरवल्या. सोळा जण होतो. दासगावलाच का उतरलो, ते सांगतो.

१९२७ च्या डिसेंबरात परिषदेला जायचं तर मुंबईहून बोटीने आपल्या इथल्या धरमतरला उतरायचं आणि पुढे मोटारीने महाडला, ही सोयीची वाट होती. पण त्या वेळी मोटारवाल्यांनी आपल्या लोकांना नेण्याचं नाकारलं. धरमतर आपल्यापासून किती लांब? दर आठवड्याला आपण अलिबागला जाताना ती खाडी ओलांडतो. त्या वाटेने जाता येईना म्हणून बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे प्रतिनिधी २४ डिसेंबरला पद्मावती बोटीने समुद्रातून लांबचा वळसा घेऊन निघाले, आणि २५ तारखेला दासगावच्या बंदरात उतरले. तिथे हजारो लोक वाट पाहत होते. तिथून महाडपर्यंत पाच मैल सगळे पायी गेले. म्हणून आम्ही ठरवलं, की निदान हे पाच मैल तरी आपल्या पायांनी कापायचे. पायडल मारूनच, पण पायांनी.

दिवेलागण झाल्यावर निघालो. टेम्पो मागे लुकलुकते दिवे लावून चालत होता. महामार्गावर मोठमोठे कंटेनर जातात, त्यांच्या वाऱ्याने सायकल हलते. एक टँकर तर इतका जवळून गेला, की आमच्यातल्या एकाला खाली रस्त्याच्या कडेला उतरावं लागलं. पोरं घाबरली. थांबलो, पाणी प्यायलो, पुन्हा निघालो. मोटारीत बसून पाच मैल म्हणजे दहा मिनिटं. सायकलवर अंधारात ते संपता संपत नाहीत. तेव्हा एका पोराने विचारलं, "काका, ते लोक चालत आले, मग परत पण चालतच गेले का?" पुस्तक वाचून हा प्रश्न पडत नाही. आपले लोक गावोगावहून भाकरी बांधून आले होते आणि तसेच पायी परत गेले.

महाड जवळ आलं की गांधारपाल्याचा डोंगर लागतो. त्यात सुमारे तीस बौद्ध लेणी आहेत, सतराशे-अठराशे वर्षांपूर्वीची. तिथल्या एका शिलालेखात काणभोज विष्णुपालित नावाच्या राजकुमाराने लेणं दान दिल्याचं कोरलेलं आहे. अंधारात वर चढणं धोक्याचं, म्हणून आम्ही चढलो नाही. खाली थांबून दिवे विझवले. चांदणं होतं. डोंगराच्या कुशीत काळ्या खिडक्यांची ओळ दिसली. पोरांना आम्ही एवढंच सांगितलं, की ज्या गावात आपल्याला पाणी पिऊ देत नव्हते, त्या गावाच्या वेशीवर भिक्खू राहत होते, आणि राजाची पोरं त्यांना दान देत होती. आणि जपानात नारा म्हणून क्योटोच्याही आधीचं राजधानीचं शहर आहे. तिथल्या प्रचंड बुद्धमूर्तीचे डोळे ७५२ साली ज्याच्या हातून उघडले तो भिक्खू भारतातूनच गेला होता, त्याचं नाव बोधिसेन. अशी माणसं या भूमीतून गेली, आणि मागे या भूमीचं काय झालं, त्याचा विचार करा.

गावात शिरलो. प्रथम क्रांतिस्तंभ. बरोबर नऊ वाजता तिथे पोचायचं असं ठरवलं होतं. पाच-दहा मिनिटं इकडे-तिकडे झाली असतील. सायकली उभ्या केल्या, त्रिशरण पंचशील घेतलं आणि पाच मिनिटं नुसते उभे राहिलो. १९२७ ला परिषदेसाठी गावात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, ते जातीने ब्राह्मण. ही दोन नावं आम्ही मुद्दाम घेतली. लढा माणसाविरुद्ध नव्हता, ग्रंथाने घालून दिलेल्या रीतीविरुद्ध होता, हे पोरांना लहानपणीच कळलेलं बरं.

मग गल्ल्या. बाजारपेठ बंद होत आली होती, शटर पडत होती. महाडचं जुनं गाव काही फार मोठं नाही. वीरेश्वराचं देऊळ, पेठ, तळं, सगळं सायकलवर काही मिनिटांच्या अंतरावर. हे अंतर पायांनी मोजलं तेव्हा २० मार्चचा दिवस आम्हाला नव्याने कळला. हकीगत तुम्हाला माहीत आहे. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळं खुलं केलं, पण कागदावर. जपानच्या फर्मानासारखंच. १९ मार्च १९२७ ला परिषद भरली तेव्हा आलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. दुसऱ्या दिवशी लोक चार-चारच्या रांगेत तळ्यावर गेले, बाबासाहेबांनी पाणी प्राशन केलं, सगळ्यांनी केलं. आणि मग अफवा उठली, की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. देवळापासून तळं एवढं जवळ, की अफवेला धावायला वेळ लागला नाही. आपले लोक जेवत होते, परतीच्या वाटेला लागत होते, दोघे-चौघे असे गल्लीबोळांत विखुरले होते. त्यांना तिथे गाठून मारलं. काहींना मुसलमान घरांनी आत घेऊन वाचवलं. आणि बाबासाहेबांनी आपल्या लोकांना हात उगारू दिला नाही.

त्याच गल्ल्यांत आम्ही रात्री दहाच्या सुमाराला सायकली घेऊन होतो. खोटं कशाला सांगा, छाती थोडी धडधडत होती. एका ओट्यावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनी हटकलं, "कुठले हो तुम्ही?" या प्रश्नाचे आपल्याकडे दोन अर्थ असतात, ते तुम्हाला सांगायला नको. आम्ही म्हटलं, "पेणचे." ते म्हणाले, "मग तळ्याकडून जा, या अंगाला खडी पडली आहे, पोरं घसरतील." आणि न विचारताच बॅटरी मारून भिंतीवरची खूण दाखवली, २०२१ च्या जुलैच्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ती. डोक्याच्या वर होती. थोडा वेळ पुराच्या गोष्टी झाल्या. आमची जात त्यांना कळली नसेल असं नाही. रात्री सायकलवरून तळं बघायला आणखी कोण जाणार? पण त्यांनी ती काढली नाही.

तळ्याला आम्ही बाहेरून वळसा घातला. २७ डिसेंबर १९२७ ला कोर्टाचा मनाई हुकूम होता म्हणून सत्याग्रह तहकूब झाला, तेव्हा लोक मिरवणुकीने येऊन पाण्याला हात न लावता तळ्याला फेरी घालून परत गेले. हजारो तहानलेल्या माणसांनी पाण्याभोवती चालत जायचं आणि प्यायचं नाही! केवढी ती शिस्त! पुढे दहा वर्षं कज्जा चालला आणि १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. पाण्यावर दिव्यांचे कवडसे हलत होते, पुतळा शांत. सोळा सायकली, आवाज फक्त चेनचा.

परत येताना एस.टी. स्टँडजवळच्या एका टपरीवर चहा घेतला. आमच्याबरोबरच्या एका मुलीने सगळ्यांच्या बाटल्या गोळा केल्या आणि टपरीच्या पिंपाला तोटी होती तिथे भरून आणल्या. टपरीवाल्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. तिनेही काही विशेष केलं असं तिला वाटलं नाही. आम्ही म्हातारे मात्र एकमेकांकडे बघत राहिलो. ज्यासाठी एवढा लढा झाला तो हाच क्षण, की ज्यात कोणाला काहीच वाटत नाही. आता सगळं संपलं असा याचा अर्थ नाही. विहिरीवरच्या मारहाणीच्या बातम्या आजही पेपरात येतात. पण जे मिळालं तेही डोळ्यांनी पाहायला पाहिजे, नाहीतर पोरांना वाटतं सगळं आपोआपच होतं.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो कोणाला लागला तर लागू द्या. सोळा जणांत मुली किती होत्या? दोन. त्यांच्याबरोबर एक मावशी टेम्पोत बसून आली तेव्हा त्यांच्या घरच्यांनी सोडलं. मुलगा रात्री दहाला सायकल घेऊन बाहेर गेला तर आपण विचारतो, जेवलास का? मुलगी निघाली तर विचारतो, कोणाबरोबर? त्या दोघींतली एक आम्हाला म्हणाली, "काका, पेणमध्ये मी सात वाजता घरात असते. अंधारात रस्ता कसा दिसतो तेच मला माहीत नव्हतं." बाबासाहेबांनी १९२७ च्या त्याच परिषदेनंतर आपल्या आया-बहिणींशी वेगळं बोलणं केलं. आपली जात दाखवणारी नेसण्याची रीत सोडा, मुलींना शिकवा, असं सांगितलं. आणि त्या बायांनी वर्षभर विचार नाही केला. लगेच लुगडं नेसण्याची पद्धत बदलली. आज त्यांच्या पणत्यांना रात्रीचा रस्ता बंद असेल, तर तो बंद करणारा बाहेरचा कोणी नाही. सार्वजनिक रस्ता सर्वांना खुला, हाच तर बोले ठरावाचा आत्मा. तो ठराव आपल्या घराच्या उंबऱ्याच्या आत पास व्हायला पाहिजे.

काळजी असते, ती आम्हालाही कळते. आम्हीही मुलींचे बाप आहोत. पण काळजीवर उपाय दार बंद करणं हा नव्हे, बरोबर जाणं हा आहे. म्हणून समितीपुढे आमची विनंती अशी. येत्या डिसेंबरात पुन्हा दासगाव ते महाड सायकल फेरी काढायची. या वेळी निम्म्या मुली पाहिजेत. आयांनीही यावं, ज्यांना सायकल येत नाही त्यांना विहाराच्या अंगणात शनिवारी शिकवू. सायकल नसेल तर जुनी दुरुस्त करून देऊ, आमच्यातले दोघे फिटर आहेत. दिवा, लाल बत्ती, चमकणारी पट्टी आणि पाण्याची बाटली एवढंच आणायचं. बाटली रिकामी आणली तरी चालेल. महाडला पाणी मिळतं.

नावं आज कार्यक्रम संपल्यावर लिहून घेणार आहोत. मुलींची आधी.